पेटीवालीची उकळी

पेटीवर बसलेल्या बाईला कुणी "तू पण म्हण की" असं म्हणत नाही. आमच्या भजनी मंडळात मी सव्वीस वर्षं पेटी धरते आहे. एवढ्या वर्षांत सगळ्यांचे गळे मला पाठ झाले. कुणाचा पंचम किंचित उतरतो, कुणाला अंतऱ्यात दम पुरत नाही, कोण सूर सोडून पळणार आणि पळाली की कुठल्या पट्टीवर जाऊन तिला गाठायचं, सगळं ठाऊक. माझा स्वतःचा गळा कसा आहे हे मात्र ठाऊक नव्हतं. कधी गरजच पडली नाही. चोपन्नाव्या वर्षी पडली, ती कपाटावर धूळ खात पडलेल्या एका खेळण्यामुळे.

लेकीनं ते 2020 च्या टाळेबंदीत ऑनलाइन मागवलं होतं, साडेतीन हजारांना. तेव्हा कुणाच्या घरी केक होत होते, कुणाच्या घरी गच्चीवर मिरच्या लावल्या जात होत्या. आमच्याकडे युकुलेले आलं, गिटारसारखंच पण इवलंसं वाद्य. तीन महिने रोज संध्याकाळी तीच तीन गाणी वाजली. मग कॉलेज उघडलं, ती पुण्याला गेली आणि वाद्य कापडी पिशवीसकट कपाटावर गेलं. गेल्या वर्षीच्या आदल्या दिवाळीत साफसफाई करताना ते माझ्या डोक्यावरच पडलं. लागलं नाही. अर्ध्या किलोच्या आसपासचं वाद्य, लागणार काय! आमची पेटी पडली असती तर हे लिहायला मी नसते.

लेकीला फोन केला, "हे देऊन टाकू का कुणाला?"

"नको गं आई. तूच वाजव की. पेटी येते तुला, हे तर चारच तारांचं आहे."

पोरांना बोलायला काय जातं. पण मी खरंच पिशवी उघडली, आणि पहिल्या अर्ध्या तासात अशी चूक केली की संगीताच्या मध्यमा पूर्ण परीक्षेचं प्रमाणपत्र परत करावं. तारा लावायच्या होत्या. मोबाइलवर बघितलं: जी, सी, ई, ए. म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन, पांढरी सहा. सोपं आहे म्हटलं. पेटी पुढ्यात घेतली, एका हातानं सूर धरला, दुसऱ्या हातानं खुंटी पिळायला लागले. आता तंतुवाद्य म्हटल्यावर आपल्या डोक्यात पक्कं असतं की एका टोकाला खर्ज आणि तिथून तारा चढत चढत जाणार. म्हणून मी ती कडेची, छातीकडची तार खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचला मिळवायला घेतली. मिळेना. ढिली होत होत ती वाळत घातलेल्या दोरीसारखी लोंबायला लागली, तरी मी पिळतेच आहे.

लेकीनं व्हिडिओ कॉलवर बघितलं आणि पोट धरून हसली. युकुलेलेची ती कडेची तार खर्जाची नसतेच. ती मधल्याच सप्तकातल्या पंचमावर असते, शेजारच्या दोन तारांपेक्षा चढी. सर्वांत खालचा सूर दुसऱ्या तारेवर. रांगेत सगळ्यांत उंच पोरांपैकी एकाला उगीच पुढं उभं केल्यासारखी रचना. मला ती मुळीच पटली नव्हती. नीट लावून चारी तारांवरून अंगठा फिरवला, आणि थांबले.

प, सा, ग, ध.

पुन्हा फिरवला. पांढरी एकला सा धरला तर मोकळ्या तारांचे हेच चार सूर होतात. भूप! पेटी शिकायला बसलेल्या प्रत्येक पोराला गुरुजी पहिल्यांदा जो राग देतात, त्यातले पाचांपैकी चार सूर हे वाद्य डाव्या हाताचं बोटही न लावता देत होतं. राहिला फक्त रे. तो सा-च्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर, म्हणजे दांड्यावरच्या दुसऱ्या आडव्या पट्टीपाशी, सापडला. तार सा शेवटच्या तारेच्या तिसऱ्या पडद्यावर. मग सां ध प ग रे सा असा उतरले तर सहा सुरांतले चार मोकळ्या तारांवर, आणि मोकळी तार सोडली तरी वाजत राहते, त्यामुळे प आणि ध एकमेकांत मिसळून देवळातल्या लहान घंटांसारखे किणकिणतात. पेटीत प आणि ध शेजारी. इथं एक घराच्या या टोकाला आणि दुसरा त्या टोकाला, तरी आवाज एकाच खोलीतून. त्या रात्री स्वयंपाकाला उशीर झाला आणि खिचडीवर भागलं.

*

हा पहिल्या दिवसाचा आनंद. पुढचे दोन महिने अगदीच वेगळे गेले.

पेटीत डावा हात म्हणजे गडीमाणूस. चाळीस वर्षं त्यानं मान खाली घालून भाता मारला. अक्कल, हौस, मुरक्या, खटके, सगळं उजव्या हाताच्या वाट्याचं. युकुलेलेनं एका दिवसात घरचा कारभार उलटा केला. सुरांवर बोटं ठेवायची डाव्यानं आणि उजव्यानं नुसतं खाली-वर, खाली-वर. म्हणजे उजवा भाता झाला आणि गड्याला गादीवर बसवलं. गडी बिचारा घामाघूम. डाव्या अनामिकेला वेगळं असं काही काम असतं हेच तिला माहीत नव्हतं, आणि युकुलेलेची पहिली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायच्या सुरांचा पहिला जुडगा, सी, तिच्याच एकटीच्या जिवावर आहे. शेवटच्या तारेवर तिसऱ्या पडद्यापाशी अनामिका टेकवायची, बाकी तीन तारा मोकळ्या. लहान पोरं पहिल्या दिवशी वाजवतात. मी टेकवली की माझ्या बोटातली पोवळ्याची अंगठी दांड्याच्या कडेला टक्क आपटायची. शेवटी अंगठी काढून देव्हाऱ्यात ठेवली. सासूबाई म्हणाल्या, "मंगळाची आहे ती." म्हटलं, मंगळाला सांगा, संध्याकाळी सहा ते सात सुट्टी.

बोटं दुखली का? दुखली, पण ऐकून होते तितकी नाही. गिटारला बहुधा पोलादी तारा असतात, इथं नायलॉनसारख्या, मऊ. आठ-दहा दिवस बोटांच्या टोकांना लसूण सोलल्यावर होतं तशी चुरचुर झाली, मग कातडी निबर झाली. नखं मात्र डाव्या हाताची मुळापासून कापावी लागतात. एका हाताला नेलपॉलिश आणि दुसरा हात शाळेतल्या मुलीचा, असं घेऊन मी दोन लग्नं केली. म्हणजे हजेरी लावली.

कॉर्डच्या तक्त्यांत काळे ठिपके आणि इंग्रजी अक्षरं असतात. ती माझ्या डोक्यात राहीनात. मग एक दोनशे पानी वही केली आणि प्रत्येक कॉर्ड सरगमात उतरवली. सी म्हणजे प सा ग सां. ए-मायनर म्हणजे ध सा ग ध. एफ म्हणजे ध सा म ध. जी-सेव्हन म्हणजे प रे म नि. हे लिहिल्याबरोबर डोक्यात लख्ख झालं. चार तारांवर बोटांचे आकार बदलतात म्हणजे काय, तर कुठले तीन-चार सूर एकत्र जेवायला बसवायचे ते ठरतं. आणि मग एक गोष्ट कळली जी कुठल्याच शिकवणीच्या व्हिडिओत नव्हती. ते सगळे सांगतात की सी, एफ आणि जी एवढ्या तीन कॉर्ड आल्या की निम्मी दुनिया वाजवता येते. येत असेल. पण भूपातल्या अभंगाला एफ लावून बघा. त्या कॉर्डमध्ये म आहे, आणि भूपात म वर्ज्य! मी लावला तेव्हा श्रीखंडात मिठाचा खडा लागावा तसं झालं. भूपाला दोनच कॉर्ड झेपतात, सी आणि ए-मायनर, कारण राग न मोडता तीन-तीन सूर जुळतात ते एवढेच. दोन कॉर्डमध्ये अख्खा अभंग बसला आणि मला उगीचच आपण फार शहाण्या असल्यासारखं वाटलं. भैरवीला मात्र मी कॉर्ड लावत नाही. एकदा लावल्या होत्या. आमचं मांजर उठून गेलं.

उजव्या हाताची गंमत वेगळी. व्हिडिओतली मुलगी सांगत होती: डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप. तिचा हात झुळझुळ चालत होता, माझा चटणी वाटल्यासारखा. चार दिवस तेच. पाचव्या दिवशी वैतागून इंग्रजी सोडून दिलं आणि बोल लावले. खाली म्हणजे धा, वर म्हणजे गे. लिहून काढलं:

धा ऽ धा गे ऽ गे धा गे

आठ मात्रा. पहिलीवर सम. आणि पाचवीवर काय आहे? काही नाही. हात खाली येतो, पण तारांना शिवत नाही. आपल्या आठ मात्रांच्या केरव्यात पाचव्या मात्रेला काय असतं? काल, म्हणजे टाळी न देता सोडलेली मात्रा! हे वाद्य जिथलं, त्या प्रशांत महासागरातल्या कुठल्या बेटावरच्या लोकांनी आणि आमच्या ढोलकीवाल्यांनी पाचव्या मात्रेला रिकामं सोडायचं हे एकमेकांना न विचारता ठरवलं. एवढं दिसल्यावर हात आपोआप सुटला. मांडीवर डाव्या हातानं टाळी-काल धरत, उजव्यानं हवेत धागेधागे करत मी बसनं ऑफिसला जात होते. लोक जागा सोडून उठत.

*

सुरांचा कान असणं हे कधीकधी दुखणंच असतं. तारा मोकळ्या अगदी मिळालेल्या, सी कॉर्ड गोड, पण एफ लावला की मध्यम चढलेला. मला वाटलं मीच जोरात दाबते आहे. हलकं दाबून बघितलं, तरी चढाच. लेक म्हणाली, "एवढं कुणाला कळतं?" अगं, मला कळतंय ना.

शेवटी एका शनिवारी पिशवी खांद्याला लावून मिरज गाठलं. सांगलीत राहून वाद्याचं दुखणं घेऊन मिरजेला जायचं नाही तर कुठं? तिथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे होतात, पंढरपूरकडचे भोपळे दुकानांच्या माळ्यावर टांगलेले असतात. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मानाच्या मंडळींच्या रांगेत माझं प्लायवुडचं बाळ काढून ठेवताना मला लाज वाटली. कारागीर चाचा तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा घुमता झणकार, ऐकत होते. त्यांनी मान तिरकी करून बघितलं.

"हे काय वैनी, तंबोऱ्याचं पिल्लू?"

"युकुलेले आहे. पहिल्या पडद्यावर सूर चढतो."

त्यांनी हातात घेतलं. एकदा मोकळी तार, मग तीच बाराव्या पडद्यावर. दोन्ही सा जुळले. "घोडी बरोबर हाय." मग पहिल्या पडद्यावर दाबून ऐकलं, मान हलवली, आणि तारांच्या वरच्या टोकाला जी खाचांची पांढरी पट्टी असते तिच्यावर नख ठेवलं. "हितं बघा. खाचा उथळ हायत. तार लई उंचावरनं येतीया. पहिल्या पडद्याला दाबताना ताणती, म्हणून चढती. पुढच्या पडद्यांना एवढं जाणवत न्हाई." बारीक कानस काढली, तारा सैल करून बाजूला सारल्या, दोन-दोन घासे मारले, तारा परत खाचेत, परत ऐकलं. पुन्हा दोन घासे. मोजून वीस मिनिटं. मध्यम जागेवर आला. शिवाय पहिल्या पडद्याला लागणारा जोर निम्मा झाला. इतके दिवस माझं बोट उगीच कुस्ती खेळत होतं. पन्नास रुपये घेतले आणि परत देताना विचारलं, "भोपळा लावू का मागं?" नवं, स्वस्तातलं युकुलेले घेणाऱ्या कुणालाही माझं एवढं सांगणं आहे: पहिल्या पडद्यावरचा सूर बेसूर वाटला तर आधी आपल्या बोटांना शिव्या देऊ नका, ती पट्टी बघा.

तारा बदलायच्याही होत्या, त्या बदलल्या. नव्या तारा आठवडाभर ताणत राहतात, तासातासाला उतरतात. त्यातच हौसेनं खालच्या पंचमाची जाड तार मिळते ती, लो-जी, मागवून लावली. खर्ज मिळाला, पण ती घंटांची किणकिण गेली. दोन दिवसांत काढून टाकली.

*

आता गळ्याची गोष्ट.

पेटीवर गाणं वाजवता येतं. शब्द नसले तरी ऐकणाऱ्याला कळतं कुठला अभंग चालू आहे. युकुलेलेवर नुसत्या कॉर्ड वाजवल्या तर काहीही कळत नाही. मी अभंग म्हणून वाजवत होते, आमचे हे म्हणाले, "बडबडगीत छान जमलंय." एकेका तारेवर चाल काढता येते, काढलीही, पण सूर लगेच विझतो. पेटीत भाता चालू आहे तोवर सूर तुमचा. सव्वीस वर्षं मी गायिकांच्या दोन ओळींमधल्या फटी पेटीनं लिंपत आले, कुठं उजेड दिसू दिला नाही. इथं तार छेडली की ती एक-दोन मात्रांत गप्प होते, पुढची जागा मोकळीच राहते. ती भरायला काहीतरी हवं. ते काहीतरी म्हणजे गाणं आहे, आणि ते मलाच म्हणायचं आहे, हे कळायला मला मार्च उजाडला.

दार लावून, पंखा मोठा करून पहिल्यांदा म्हटलं. आवाज निघाला तो माझ्या आत्याचा. खरंच. जाड, थोडा खरखरीत, वर गेला की कडेला चिरणारा. मी घाबरून थांबले. आत्याला आम्ही लहानपणी हसायचो.

त्यात दोन्ही एकदम करणं म्हणजे सर्कस. शब्द सुरू केले की हात शब्दांच्या मागं जातो, धागेधागेचं होतं धाधाधाधा. हाताकडं लक्ष दिलं की शब्द विसरते. सव्वीस वर्षं ऐकलेला अभंग, दुसरी ओळ आठवेना! उपाय सापडला तो अगदी कंटाळवाणा: आधी कॉर्ड वाजवत नुसतं 'सा' धरायचा. मग कॉर्ड वाजवत मासिकातलं काहीही वाचायचं, पाककृतीसुद्धा चालते. हात आपला आपण चालायला लागला की मग गाणं. मी दोन आठवडे केरव्यात अळूवडी केली.

पट्टीचंही बघावं लागलं. मोकळ्या तारांचा भूप पांढरी एकचा, त्यात माझा गळा वर चिरतो. पेटी घेऊन तपासलं, पांढरी पाचला तो सगळ्यांत निवांत बसतो. एवढी साधी गोष्ट. मंडळातल्या अठरा बायकांची पट्टी मला झोपेत विचारली तरी सांगेन, स्वतःची अशी शोधत बसले होते. मग भूपाच्या दोन कॉर्ड उचलून जी आणि ई-मायनर केल्या. ई-मायनरनं छोट्या बोटांना पुन्हा रडवलं, ते सोडा. मंडळाची पट्टी काळी चार, म्हणजे माझ्यापेक्षा अर्धा सूर वर. त्याला एक चिमटा मिळतो, कॅपो. पहिल्या पडद्यावर लावला की बोटं तिथलीच आणि पट्टी काळी चार. पेटीत स्केल चेंजर नसला की बोटं बदलावी लागतात, त्या कटकटीत हयात गेली, म्हणून मला त्या दोनशे रुपयांच्या चिमट्याचं अजून अप्रूप आहे.

लेक दर रविवारी फोनवर ऐकायची. तिला मी सांगितलेलं, सूर चुकला की सांगायचं. ती सांगायची नाही. एकदा म्हणाली, "आई, तू पेटीवर चुकलीस की तोंड पाडतेस. यावर चुकलीस की हसतेस." मी म्हटलं, पेटीवर चुकले की गाणारीचं गाणं बिघडतं. यावर माझंच बिघडतं.

*

मंडळात सांगायचा विचार नव्हता. पण आश्विनात पेटीतला पांढरी दोनचा सूर मुका झाला, पेटी मिरजेला गेली आणि ऐन कोजागरीला तिच्याशिवाय जमायची वेळ आली. कुणीतरी म्हणालं, काकू ते काहीतरी वाजवतात म्हणे घरी. आमच्या ह्यांनी बाहेर बोलून ठेवलेलं. नाव कुणाला उच्चारता येईना. युकुलेली, उकलेले, मग एकीनं कायमचं बारसं केलं: "काकू, तुमची ती उकळी आणा की!"

गच्चीवर उकळी पिशवीतून काढली. पहिला प्रश्न, "बेंजो आहे का हा?" आपल्याकडं गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो तो बेंजो म्हणजे खरं तर बुलबुल तरंग, त्याला पट्ट्या असतात, हे सांगेपर्यंत अक्कांनी तोंड उघडलं. अक्का ऐंशीच्या पुढच्या. पूर्वी शाळेत संगीत शिकवायच्या. "देवाच्या गाण्याला हे विलायती कशाला?"

मी म्हटलं, "अक्का, पेटी तरी कुठली पंढरपूरची? तीही युरोपातूनच आली आणि कोलकात्यात तिला मांडी घालून बसायला शिकवलं. 1940 साली रेडिओवर बंदी घातली होती तिला, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड निघत नाही म्हणून. उठायला तीस वर्षं गेली."

"मला सांगतीस होय? मी तेव्हा ऐकत होते रेडिओ." थोडं थांबून, "आणि हे कुठलं?"

मग मी सांगितलं. 1879 साली पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून एक जहाज निघालं, रेव्हन्सक्रॅग नावाचं, माणसं भरून, हवाईला उसाच्या मळ्यांत कामाला. त्यात तिघं लाकूडकाम करणारे होते: नुनेस, डियास आणि एस्पिरितो सांतो. सोबत आपल्याकडचं चार तारांचं छोटं वाद्य. मळ्यातला करार संपल्यावर ते होनोलुलूत वाद्यं करायला लागले, तिथल्या कोआ लाकडाची. तिथला राजा कालाकौआ त्यावर खूश झाला, दरबारात वाजायला लागलं. आणि बोटं इतकी उड्या मारतात म्हणून लोकांनी म्हणे नाव ठेवलं युकुलेले, उडी मारणारी पिसू.

सगळ्या पिसूवर हसल्या. अक्कांच्या कानात मात्र ऊस राहिला. त्यांचं सासर वाळव्याकडचं, उसातलंच. "उसावर आलेली माणसं होय," एवढंच म्हणाल्या.

वाजवलं ते पहिल्यांदा साफ फसलं. सहा टाळ आणि एक ढोलकी, त्यात उकळीचा आवाज कुठला ऐकू येणार! मी जीव खाऊन धागेधागे करत होते, शेजारी बसलेलीला सुद्धा पत्ता नाही. पेटी असती तर कपलर ओढून, एका पट्टीत दोन सप्तकांतले सूर वाजवून सगळ्यांवर मात केली असती. दुसऱ्या अभंगाला ढोलकीवालीनंच हात थांबवला आणि टाळ खाली ठेवायला सांगितले. "काकूंचं काय चाललंय ते ऐकू तरी दे."

गप्प झालं. आता नुसत्या कॉर्ड वाजवण्यात अर्थ नव्हता. कुणीतरी सुरू करील म्हणून मी एक आवर्तन वाजवलं, दुसरं वाजवलं. सगळ्या माझ्याकडे बघताहेत, कारण पेटीवाली वाजवते आणि सूर देते, मग बाकीच्या उचलतात, हीच सवय. मी त्यांच्याकडे बघते आहे. तिसऱ्या आवर्तनाला समेवर माझ्या तोंडून पहिला शब्द गेला. आत्याच्याच आवाजात. दुसऱ्या ओळीला वर चिरला. एकदा कॉर्ड हुकली. कडव्याला तिघी मागून आल्या, त्यामुळे निभावलं. किती वेळ चाललं देव जाणे, दूध मात्र तोवर गार झालं होतं.

नंतर सगळ्या दुधाकडे वळल्या आणि अक्कांनी हात पुढं केला. मी तारांवरचा कॅपोचा चिमटा काढला आणि वाद्य त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते तंबोऱ्यासारखं उभं धरलं. ते तसं धरत नाहीत, पण सांगणार कोण. तर्जनीनं एकेक तार सावकाश छेडली. प. सा. ग. ध. पुन्हा एकदा. डोळे मिटले.

"भूप की गं हा," त्या म्हणाल्या. "आणि रे कुठं ठेवलास?"

मी त्यांच्या मागून हात घालून सा-च्या तारेवर दुसऱ्या पडद्यापाशी बोट टेकवलं. त्यांनी छेडलं.